मशीन भाजते, सोलते कोण?

गेल्या तीन महिन्यांत मी दोनदा उमरीला जाऊन आले. पहिल्यांदा गेले ते एका तक्रारीमुळे. तिथल्या बचत गटाची हिशेबनीस लागोपाठ तीन बैठकांना आली नव्हती. खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात, त्यातली एक तिची. तिच्या सहीवाचून गटातल्या एका परित्यक्ता मैत्रिणीचे शेळीसाठीचे कर्ज अडून बसले होते. "शिकलेली बाई, घमेंड आली असंल," अशी कुजबुज सुरू झाली होती. खरे काय ते तिलाच विचारावे म्हणून मी तिच्या घरी गेले. रविवार होता.

दारातच लसणाचा वास आला. समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी स्टुलावर एअर फ्रायर ठेवलेला होता. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या दिराने दिवाळीत तो घरी आणला. घरात त्याला सगळे नुसते 'मशीन' म्हणतात. हिशेबनीसबाईंचे यजमान त्याच्यासमोर बसले होते. "या ताई, बसा. आज आमच्या हातचे झिंगे खाऊन बघा," म्हणाले. त्यांनी मोठ्या हौसेने सगळे समजावून सांगितले. झिंग्यांना तिखट, हळद, मीठ आणि एक चमचा तेल चोळायचे. जाळीत एकावर एक न ठेवता पसरून मांडायचे. दोनशे अंशांवर सहा ते आठ मिनिटे. लसूण बारीक चिरून शेवटची दोन मिनिटे राहिली की टाकायचा, आधी टाकला तर तो करपतो आणि कडू होतो. झिंगा लाल होऊन वळला की झाला, त्यापुढे ठेवला तर चिवट होतो.

झिंगे खरोखर छान झाले होते. मी सात-आठ खाल्ले आणि म्हणाले, "असे नवरे घरोघरी असावेत." यजमान खूश झाले. तेवढ्यात मागच्या दाराकडे लक्ष गेले. तिथे आमची हिशेबनीस उभी होती आणि बोटांना लिंबू-मीठ चोळत होती. ती काही बोलली नाही. मी तिच्याकडे आले होते, तिचे तीन बैठकांचे गाऱ्हाणे घेऊन आले होते, आणि आल्या आल्या कौतुक मात्र मशीनसमोर बसलेल्या माणसाचे करून मोकळी झाले होते. वीस वर्षे चळवळीत काढलेल्या बाईची ही गोष्ट. सांगायची लाज वाटते, म्हणूनच आधी सांगते आहे.

मग मी मागच्या अंगणात तिच्याजवळ जाऊन बसले. तिथे हिशेब उलगडला. दर रविवारी किलोभर झिंगे येतात. ते धुवायचे, मुंडकी मोडायची, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा. झिंगे बारीक असले की दीड तास सहज जातो. डोक्यावरचा काटा बोटात घुसतो, तो दोन दिवस ठणकतो. लसणाचे दोन गड्डे सोलायचे. मशीनला आठ मिनिटे. त्यानंतर जाळी आणि भांडे घासायचे, सालींचा वास सुटू नये म्हणून त्या लांब नेऊन टाकायच्या. भाकरी चुकत नाहीतच. "आधी महिन्यातून एकदा झिंगे व्हायचे," ती म्हणाली. "मशीन आलं तसं दर रविवारी व्हायलेत. बघायला पाहुणे येतात. आणि बैठकीला जाते म्हणलं की सासूबाई म्हणतात, आता सगळं मशीन करतंय, तुला कशाचं काम आहे? मग झिंगे सोलून जा."

बैठक रविवारी दुपारी. झिंगे रविवारी दुपारी. घमेंडीचा उलगडा झाला.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कोणी यंत्राच्या विरोधात नाही. पहाटे उठून जात्यावर बसण्याचे दिवस परत यावेत असे कुठलीच बाई म्हणणार नाही, जात्यावरच्या ओव्या कितीही गोड असल्या तरी. गिरणी आली, मिक्सर आला, गॅस आला. धुराने डोळे चुरचुरायचे कमी झाले, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच की यंत्र आल्यावर वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली एक अख्खे पुस्तक याच प्रश्नावर लिहिले. घरात यंत्रे आली तशा स्वच्छतेच्या आणि जेवणाच्या अपेक्षा वाढत गेल्या, पूर्वी घरातली इतर माणसे उचलत ती कामे सुटली, आणि आईचे काम होते तिथेच राहिले, असे त्यांनी दाखवले. उमरीतल्या आमच्या मैत्रिणीने ते पुस्तक वाचलेले नाही. ती ते दर रविवारी जगते.

एअर फ्रायर २०१० साली बाजारात आला. नाव तळणीचे असले तरी तो तळत नाही. वर तापणारी तार आणि तिच्यावर पंखा, म्हणजे लहानशी भट्टीच. तेल कमी लागते, हे खरे. वीजही थोडी लागते. दीड हजार वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले तर पाव युनिट. पण घरातल्या साध्या छोट्या प्लगवर ते चालवू नये, मोठा, सोळा अँपिअरचा प्लग लागतो. या घरात तसा प्लग एकच, समोरच्या खोलीत, कूलरसाठी काढलेला. म्हणून मशीन समोरच्या खोलीत बसले. आणि ते समोरच्या खोलीत बसले म्हणून पुरुषाने त्याला हात लावला. हे माझे म्हणणे नाही, तिचेच. "आत ठेवलं असतं तर माझंच झालं असतं," ती म्हणाली.

विचार करा, हे आपल्याला नवीन आहे का? मराठवाड्यात कितीतरी घरांत मटण पुरुषच शिजवतात. सासू माळकरी असते, आतल्या चुलीला ते चालत नाही, म्हणून अंगणात तीन दगड मांडून रस्सा होतो. रस्स्याचे कौतुक गावभर होते. मसाला कोणी वाटला, कांदे कोणी चिरले, पातेली कोणी घासली, हे कोणी विचारत नाही. दळण गिरणीवर गेले तेव्हाही गिरणीवाला पुरुषच झाला. काम बायकांच्या हातून निघून बैठकीत किंवा बाजारात आले की त्याला मान मिळतो. मागे उरते ते सोलणे, निवडणे, घासणे. त्याला कामही म्हणत नाहीत.

सरकारी आकडेही हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत सहा वर्षांवरील ८१.५ टक्के मुली-बाया घरातले बिनपगारी काम करताना दिसल्या. पुरुषांत हे प्रमाण २७.१ टक्के होते. काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेले, पुरुषाची ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषानेही नऊ मिनिटे काढून घेतली!

दुसऱ्यांदा उमरीला गेले ती गटाच्या बैठकीला. तिथे हा विषय काढला, तेव्हा गोदाकाठच्या गावातून आलेल्या एक भोई समाजाच्या मावशी हसायला लागल्या. त्या आठवडी बाजारात मासे विकतात. म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला सोललेला झिंगा पायजे. जन्मभर मीच सोलते. आमच्या ताटात मुंडक्याची चटणी." या चटणीला, सुकटीला, बोंबलाला आपल्याकडे 'हलके' अन्न समजतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या जेवणाची नोंद केली, तेव्हा ताटात जात कशी वाढली जाते ते अनेकांनी प्रथमच वाचले. गटात एकत्र बसणाऱ्या आपण एकमेकींच्या घरचे काय काय खातो आणि काय काय टाळतो, हेही कधी बोलले पाहिजे.

आणि हे सोलणे मावशींपुरते नाही. २०२४-२५ या वर्षात भारतातून ६२,४०८ कोटी रुपयांचे सागरी अन्न परदेशी गेले. त्यात दोन-तृतीयांशाहून जास्त रक्कम गोठवलेल्या कोळंबीची, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. आंध्रात ही कोळंबी सर्वाधिक पिकते. ती सोलायला शेडमध्ये बसतात त्या बहुतांशी बायका. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मार्च २०२४ मध्ये तिथले हाल छापले: बर्फातल्या कोळंबीत बुडालेले हात आणि किमान वेतनाहून कमी मजुरी. अमेरिकेतल्या एखाद्या घरात ती कोळंबी आठ मिनिटांत होते, तेव्हा तिथेही कोणीतरी म्हणत असेल, किती सोपे आहे हे!

त्या बैठकीत ठराव मोठा झाला नाही. गटातल्या चौघीजणी हिशेबनीसबाईंच्या घरी गेल्या. भांडायला नाही, वेळ सांगायला. सासूबाईंना आणि यजमानांना त्यांनी एवढेच सांगितले की रविवारी दोन ते चार ही गटाची वेळ आहे. तिच्या सहीवाचून एका बाईची शेळी अडली आहे. झिंगे आणायचे असतील तर जो मशीन चालवतो त्याने सोलायलाही बसावे. यजमान आधी हसले. मग म्हणाले, "बघू."

पुढच्या रविवारी ती बैठकीला आली. वही उघडली, तीन बैठकांचा हिशेब लावला, सही केली. शेळीचे कर्ज त्याच आठवड्यात मिळाले. कुजबुज करणाऱ्या दोघींनी तिची माफी मागितली. मी तिला विचारले, घरी आज काय? म्हणाली, "भाजी-भाकरी. झिंगे आणलेच नाहीत. मशीनवर कपडा टाकून ठेवलाय."

हा विजय आहे असे मी म्हणणार नाही. ते यजमान पाटीभर झिंगे घेऊन अंगणात सोलायला बसतील तेव्हा म्हणेन.

तोवर आपल्या सगळ्या गटांना एक विनंती. एक आठवडा घरातल्या प्रत्येक कामापुढे वहीत दोन गोष्टी लिहा: कोणी केले आणि किती वेळ लागला. सोलणे, निवडणे, घासणे, पाणी भरणे वेगवेगळे मांडा, 'स्वयंपाक' या एका शब्दात गुंडाळू नका. लिहिता येत नसेल तिने रेघा माराव्यात. शेवटी कोण जेवले, तेही टिपा. ती वही बैठकीत मोठ्याने वाचा आणि शक्य असेल तर घरातही वाचा. आणि बैठकीला न येणाऱ्या मैत्रिणीला नावे ठेवण्यापूर्वी एकदा तिच्या मागच्या अंगणात जाऊन बसा. समोरच्या खोलीत बसू नका. मी बसले होते.

वह्यांतले हिशेब आमच्याकडे जरूर पाठवा. पुढच्या अंकात ते छापू.