सोसणे आणि सांगणे

वेदना शरीराची आणि चिंता मनाची, अशी वाटणी लोकव्यवहारात रूढ झालेली आहे. परंतु ती खरी नव्हे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुन पाहावा. युद्धास प्रारंभ झालेला नाही, त्याच्या अंगास एकही बाण शिवलेला नाही. तरी त्याची गात्रे गळतात, मुखास कोरड पडते, त्वचेचा दाह होतो आणि हातातून गांडीव निसटते. मनाचा विषाद देहात उतरतो तो असा.

आधुनिक वैद्यकानेही हेच सत्य दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर सेवा केलेले अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ साली नमूद केले की, गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना वेदनाशामक औषधाची गरज वाटली नाही. जखम मोठी होती. पण तिच्यामुळे रणांगणातून जिवंत सुटका झाली होती, असे बीचर यांनी त्याचे कारण दिले. पुढे १९६५ साली मेल्झॅक व वॉल यांनी प्रतिपादन केले की, वेदनेचे संदेश मज्जारज्जूतील जणू एका दारातून मेंदूकडे जातात, आणि ते दार उघडण्याचे वा लोटण्याचे सामर्थ्य मेंदूतही असते. भयाने स्नायू आखडतात, आखडलेले स्नायू दुखतात, आणि दुखण्याने भय वाढते. हे चक्र अनेकांच्या पाठीत व मानेत वर्षानुवर्षे फिरत राहते.

मात्र वेदनेत मनाचा हात आहे, म्हणून ती वेदना खोटी आहे, असे समजणे हा अन्याय होय. ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णास हिणवले, की त्याच्या दुखण्यात अपमानाची भर पडते.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना या विषयाची एक विशेष बाजू आहे. १८३४ पासून गिरमिटाच्या करारावर या बेटावर आलेल्या मजुरांच्या सोशिकपणाचा गौरव घरोघरी होतो, आणि तो यथार्थ आहे. परंतु त्या काळी ‘दुहेरी कपाती’चा नियम होता, एक दिवस गैरहजेरी घडली, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ज्याच्या पाठदुखीची किंमत मुलांच्या भाताने मोजली जाई, तो दुखणे सांगणार कोणाला? त्याचे मौन हे पुष्कळ अंशी सक्तीचे मौन होते. त्या सक्तीला सद्गुण मानून आजच्या सुनेला वा वृद्धाला ‘आजोबांनी ऊस तोडला, त्यांनी कधी कुरकुर केली का?’ असे विचारणे, हा पूर्वजांचा सन्मान नव्हे.

उपाय अवघड नाहीत. दुखणे टिकून राहिले, तर प्रथम वैद्याकडून तपासणी व्हावी. त्याच्या जोडीला, हठयोगप्रदीपिकेने थकवा हरणारे व चित्तास विश्रांती देणारे म्हणून वर्णिलेले शवासन आहे. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडलेली, स्नायू क्रमाने ताणून सैल सोडण्याची पद्धतीही आहे. परंतु या सर्वांच्या आधी हवे ते ऐकून घेणारे माणूस. पूर्वजांना दुखणे सांगण्याची मुभा नव्हती. ती मुभा आज घराघरांत मिळाली, तर त्यांच्या कष्टांचे खरे चीज होईल.