काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका

मागच्या दिवाळीत मी जयपूरला मावशीकडे गेले होते. लग्न होऊन ती तिकडे गेली, त्याला आता पस्तीस वर्षे झाली. पहिल्याच सकाळी पाहिले, तर तिचे चालण्याचे बूट चपलांच्या कपाटात सगळ्यात खाली धूळ खात पडलेले.

‘‘अगं मावशी, तू तर रोज सकाळी सेंट्रल पार्कमध्ये फिरायला जात होतीस ना?’’ मी विचारले.

‘‘जात होते. तीन महिने एक दिवस खाडा केला नाही. पण वजनाचा काटा अठ्ठ्याहत्तरवरून हलेल तर शपथ! एवढी पायपीट करून उपयोग काय? दिलं सोडून.’’

काका समोरच बसले होते. कांद्याच्या कचोरीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘‘मी कुठे व्यायाम करतो? तरी तीस वर्षं माझं वजन अठ्ठावन्न किलोच आहे. हाडच तसं आहे आमचं.’’

त्याच आठवड्यात घरातल्या यंत्रावर काकांचा रक्तदाब मोजला. तो १६४/७२ भरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही आकडा साधारण तोच. मी काळजीत पडले, पण काका हसले. ‘‘आमच्या वेळी डॉक्टर सांगायचे, वरचा आकडा म्हणजे शंभर अधिक वय. मी चौसष्ट वर्षांचा. हिशोब अगदी बरोबर आहे!’’

मावशीचे म्हणणे आणि काकांचा हिशोब, दोन्ही चूक. आणि दोन्ही चुका समजून घेण्यासाठी एकच गोष्ट माहीत हवी. ती म्हणजे आपल्या रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा.

रबरी नळी आणि लोखंडी नळ

हृदयातून निघणारी सर्वात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या भिंतीत रबरासारखे ताणले जाणारे तंतू असतात. हृदयाचा ठोका पडला की महाधमनी फुगते आणि त्या ठोक्याचे काही रक्त स्वतःत सामावून घेते. हृदय पुढच्या ठोक्याआधी विसावते, तेव्हा ती पुन्हा आक्रसते आणि ते रक्त हळूहळू पुढे ढकलते. त्यामुळे हृदय थांबून थांबून पंप करत असले, तरी शरीराला रक्त अखंड मिळत राहते.

हे लवचीक तंतू बहुतेक करून जन्माआधी आणि बालपणातच तयार होतात. पुढे आयुष्यभर तेच पुरवायचे असतात. दिवसाला सुमारे एक लाख ठोके सोसून ते झिजतात, तुटतात आणि त्यांच्या जागी कडक तंतू वाढतात. मधुमेहात रक्तातली जादा साखर या तंतूंना एकमेकांत जखडून टाकते, म्हणून मधुमेही माणसाच्या रक्तवाहिन्या लवकर ताठरतात. बिडी-सिगारेट आणि जादा मीठ यांचाही त्यात हातभार लागतो.

रक्तवाहिनीत चरबी साचून अडथळा येणे वेगळे आणि भिंत ताठरणे वेगळे. अनेकदा दोन्ही बरोबरच होतात, पण अडथळा नसतानाही ताठरपणा असू शकतो. तो मोजण्यासाठी मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर यंत्र लावून नाडीची लहर किती वेगाने धावते, ते पाहतात. तरुण, निरोगी माणसात हा वेग सेकंदाला साधारण पाच-सहा मीटर असतो. तो दहा मीटरच्या वर गेला की महाधमनी बरीच ताठरली आहे, असे डॉक्टर मानतात.

दोन आकड्यांमधले अंतर

नळी ताठर झाली की ठोक्याचा धक्का सामावला जात नाही, म्हणून रक्तदाबाचा वरचा आकडा वाढतो. आणि विसाव्याच्या वेळी मागून रेटा मिळत नाही, म्हणून खालचा आकडा उतरतो. साठीनंतर वरचा आकडा चढता आणि खालचा उतरता दिसला, की त्यामागे बहुधा हेच कारण असते. काकांच्या दोन आकड्यांत ९२चे अंतर होते. सर्वसाधारणपणे १२०/८० मध्ये ते अवघे ४० असते. हा जादा धक्का मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या नाजूक रक्तवाहिन्यांवर जाऊन आदळतो. हृदयालाही प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो.

‘शंभर अधिक वय’ हा हिशोब १९९१ सालीच मोडीत निघाला. त्या वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्या ४,७३६ स्त्री-पुरुषांचा वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक होता आणि खालचा ९०च्या आत होता. म्हणजे अगदी काकांसारखा. त्यांपैकी ज्यांना औषध दिले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले. वयाबरोबर आकडा वाढतो हे खरे, पण तो वाढणे निरुपद्रवी आहे, असे मुळीच नाही.

सडपातळ म्हणजे सुरक्षित?

जयपूर शहरानेच याबाबत आपल्याला बरेच शिकवले आहे. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. राजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून ‘जयपूर हार्ट वॉच’ या नावाने शहरातील नागरिकांच्या आरोग्याच्या पाहण्या केल्या. दोन दशकांत धूम्रपान घटले, पण लठ्ठपणा आणि पोटाचा घेर वाढत गेला, असे त्यांना आढळले. जयपूरची ही गोष्ट पुणे, नागपूर किंवा ठाण्याच्या वाचकांनाही परकी वाटणार नाही.

मग काकांसारख्या बारीक माणसाचे काय? त्याचे उत्तर पुण्यात मिळते. के.ई.एम. रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के निघाली! आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि चरबी मात्र पोटात, असे शरीर अनेकांचे असते. पोटातली ही चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, रक्तदाब वाढवते आणि रक्तवाहिन्यांना कायम दाहाच्या अवस्थेत ठेवते. म्हणून काट्याबरोबर टेपही हवा. काकांची कंबर मोजली, तर ती भरली ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे, स्त्रियांसाठी ८०.

मावशीचे तीन महिने

आता मावशीकडे वळू. अमेरिकेत डॉ. हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मध्यमवयीन, व्यायाम न करणाऱ्या २० निरोगी पुरुषांना तीन महिने मुख्यतः चालण्याचा व्यायाम दिला. तीन महिन्यांनंतर त्यांच्या मानेतील मुख्य रक्तवाहिनीचा लवचीकपणा इतका सुधारला, की तो नियमित व्यायाम करणाऱ्या त्यांच्या वयाच्या माणसांच्या बरोबरीला आला. आणि या सुधारणेचा वजन किंवा चरबी घटण्याशी संबंध नव्हता!

असे का होते? भरभर चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासत जातो. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते. त्यामुळे भिंतीतले स्नायू सैल पडतात. या वायूचे शरीरातील काम शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तुटलेले तंतू चालण्याने पुन्हा जुळत नाहीत, पण भिंतीवरचा ताण नक्कीच उतरतो.

याचा अर्थ वजन वाढू द्यावे, असा मात्र नाही. लठ्ठ व्यक्तींनी वजन थोडेसे उतरवले, तरी रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी होतो, हेही सिद्ध झाले आहे. पण वजन उतरण्यासाठी ताटाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. घरात दिवाळीचा फराळ, शिवाय घेवर आणि कचोरी चालू असताना नुसत्या चालण्याने काटा हलत नाही. तरीही त्या काळात मावशीच्या रक्तवाहिन्यांना लाभ होत असणार. तो काट्यावर दिसत नव्हता, इतकेच.

आपण काय करावे?

- आठवड्यातून किमान पाच दिवस ३० ते ४५ मिनिटे भरभर चाला. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा आहे.
- खाडे करू नका. व्यायामाचा लाभ साठवून ठेवता येत नाही, थांबवला की तो ओसरतो.
- आठवड्यातून दोनदा हलक्या वजनांचा व्यायाम करा. मात्र श्वास रोखून खूप जड वजने उचलू नका. नुसत्या जड वजनांच्या व्यायामाने रक्तवाहिन्यांचा लवचीकपणा काही काळ घटल्याचे जपानमधील एका अभ्यासात दिसले आहे.
- पापड, लोणचे, फरसाण आणि शेव यांतले मीठ मोजा. वरून मीठ घेणे बंद करा.
- चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब, साखर आणि कंबर मोजा. रक्तदाबाचे दोन्ही आकडे लिहून ठेवा.
- चालायला लागल्यावर बरे वाटले, म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. चालताना छातीत दुखले किंवा दम लागला, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

मी जयपूरहून निघण्याआधी काकांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गोळी सुरू केली आणि चालायलाही सांगितले. परवा मावशीचा फोन आला. म्हणाली, ‘‘अगं, आता आम्ही दोघं जातो. हे पुढे आणि मी मागे. तुझे काका दुसऱ्या फेरीलाच बाक शोधतात!’’

‘‘आणि वजन?’’ मी विचारले.

‘‘काटा माळ्यावर टाकलाय,’’ ती म्हणाली. ‘‘टेप मात्र कपाटात ठेवलाय.’’