कुरडई हवी, चीक नको?

हॉस्टेलवर कुणाचा घरून डबा आला की सगळ्यात आधी संपते ती कुरडई. जुलैत भाज्या महागल्या की तर तिच्यावर मारामारी! पण एप्रिल-मेमध्ये ती घालताना आपल्यातलं कोण होतं? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. मग भल्या पहाटे उठून तो गॅसवर घोटायचा. हात भरून येतात राव! गुठळी झाली की संपलंच.

हे सगळं आई, काकू, आजी करतात. आपण मुलगे गच्चीवर पाखरं हाकलायला, तेही मोबाईल बघत. बहिणीला मात्र ‘शिकून घे’ म्हणून हाताशी बसवतात. आम्हाला का नाही? घोटायला जोर लागतो, आणि जिमचे फोटो तर आपणच टाकतो ना?

‘विकत मिळते की’ हे मला पटत नाही. तीही कुणीतरी घोटलेलीच असते, बहुतेकदा बायकांनीच.

यंदा परीक्षा संपल्यावर मी सोऱ्या धरला. पहिल्या चार कुरडया इतक्या वेड्यावाकड्या पडल्या, की आजीने त्या गोळा करून परत सोऱ्यात भरल्या. म्हणाली, ‘हं, घाल आता.’