दांडी नसलेली सायकल



गुडघे दुखू लागले की आमच्याकडचा शेतकरी सर्वांत आधी काय सोडतो? तंबाखू नव्हे, चहा नव्हे; तो सायकल सोडतो. साठी ओलांडलेल्या माणसाला टांग मारणे जड जाते, दांडीवरून पाय नेताना कंबरेत कळ येते, एखादे वेळी तोल जातो, आणि मग सायकल गोठ्याच्या भिंतीला लागते ती कायमची. पुढे शेतावर जायचे तर मुलगा किंवा पुतण्या मोटारसायकल केव्हा काढतो याची वाट पाहत कट्ट्यावर बसायचे. दोन किलोमीटरवरचे शेत असे दिवसेंदिवस लांब जाते, आणि बसून राहिलेले गुडघे अधिकच आखडतात.

खेदाची गोष्ट ही की, त्याच घरच्या अडगळीत पुष्कळदा दुसरी एक सायकल पडून असते, आणि तिच्यावर हा माणूस उद्या सकाळी सहज बसू शकेल. पण ती पडली 'लेडीज' सायकल. लोक काय म्हणतील? आम्हाला ही लाज मुळीच पटत नाही. दवाखान्यात गुडघ्यासाठी पैसे मोजायला लाज नाही, आणि दांडी नसलेल्या सायकलीवर बसायला मात्र आहे!

ही सायकल मुळात निघाली कशासाठी, ते पाहू. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल काढली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला चेन. आजची सायकल तिचीच नात. पुढे चारपाच वर्षांच्या आतच बायकांच्या पायघोळ झग्यांसाठी वरची आडवी दांडी काढून ती खाली उतरवण्यात आली, चेनवर झाकण आले, आणि कापड चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर जाळी आली. म्हणजे हा आकार अंगावरच्या कपड्यासाठी होता. बसणाऱ्याच्या ताकदीशी त्याचा संबंध नव्हता. मग तो धोतराला सोयीचा नाही काय? लुंगीला नाही काय? धर्मगुरूच्या झग्याला तर ही सायकल फारच मानवते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. हॉलंड देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. तेथे या आकाराच्या सायकलीला 'आजीची सायकल' असेच म्हणतात, पण तिच्यावर धडधाकट तरुणही बसतात आणि कोणी त्यांना हसत नाही.

शेतकऱ्याला आणखी एक कारण आहे. कॅरिअरवर वैरणीचा भारा किंवा भाजीची बुट्टी बांधली की मागून टांग मारता येत नाही. पाय दांडीवरून पुढूनच न्यावा लागतो, आणि म्हातारी माणसे पडतात ती याच क्षणी. दांडी नसेल तर पाय मधून सरळ पलीकडे जातो, आणि तोल गेलाच तर तो झटकन जमिनीवर टेकतो. साठीनंतरचे खुब्याचे हाड मोडले तर काय होते, ते तुम्ही आपापल्या गल्लीत पाहिलेच आहे.

तथापि या सायकलीचा दोषही सांगितला पाहिजे. दांडीच्या सायकलीचा सांगाडा म्हणजे घट्ट त्रिकोण. वरची नळी खाली आणली की तो सैल होतो आणि ओझ्याखाली पिळवटतो. म्हणून कारखानदार दोन नळ्या जवळजवळ खाली आणतात, किंवा एक नळी वाकवून जोडतात. खाली आलेली ही नळी सीटच्या नळीला जेथे मिळते तेथे ताण फार पडतो. यास्तव खताचे पोते या सायकलीवर लादू नये. भारा, बुट्टी, दुधाचे कॅन इथपर्यंत ठीक.

आता अशा सायकली आहेत कोठे? पुष्कळ आहेत. १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्सचा कारखाना निघाला. हर्क्युलिस, फिलिप्स, बी. एस. ए. ही नावे तेथली. आसनसोलला सेन-रॅले होती. आमच्या शिक्षिका भगिनी आणि परिचारिका यांनी अशाच सायकलींवर गावोगाव फिरून नोकऱ्या केल्या. बी. एस. ए.च्या जुन्या बिल्ल्यावर तीन बंदुका दिसतात, कारण बर्मिंगहॅमची ती मूळ कंपनी बंदुका करणारी. शिवाय २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीच्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे मोफत सायकली दिल्या. मुलींना मिळाल्या त्या बिनदांडीच्या. मुलींची लग्ने झाली, सायकली माहेरीच गंजत राहिल्या. भंगारवाला त्या किलोवर नेतो. त्याला देण्याआधी एक रविवार दुपार तिच्यासाठी काढा, एवढीच आमची विनंती.

प्रथम वर सांगितलेला सांधा आणि खालचा पायडलचा सांधा घासून उजेडात पाहा. तेथे केसाएवढी जरी चीर असली तरी ती सायकल सोडून द्या. वेल्डिंग करून घेण्याच्या मोहात पडू नका. सांगाडा शाबूत असेल तर बाकी सर्व दुरुस्त होते. गंजलेल्या नटांवर डिझेल किंवा तेल सोडून रात्रभर थांबा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. पुष्कळ जण जोर लावून ते बिघडवतात. कॉटर पिन काढताना नट पुरता काढू नये. तो पिनेच्या टोकाला आणून ठेवावा, क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा आणि मग घाव घालावा. पिनेचे आटे वाचतात आणि छर्ऱ्यांना धक्का बसत नाही. छर्रे सगळे नवे घाला. त्यांची किंमत ती काय? चेनवर एका खिळीपासून बारा इंच मोजा. नेमके बारा इंचांवर खीळ आली तर चेन चांगली; एक षोडशांश इंच पुढे गेली तर चेन बदला, नाहीतर ती दातेही खाईल.

टायर घेताना जुन्या टायरवरचे आकडे वाचून दुकानदाराला सांगा. २६ × १⅜ आणि २६ × १½ हे टायर दिसायला सारखे, पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. चकाकी गेलेली रिम ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाने पाण्यात घासली की बरीच उजळते. नवीन क्रोम करण्याच्या खर्चात पडू नये, आणि मूळ रंग टिकला असेल तर तो राहू द्यावा. सायकल शेतावर जायची आहे, प्रदर्शनात नव्हे. रंग काढावाच लागला तर कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. पॉलिश पेपर ओला करून घासा, मुलांना दूर ठेवा, जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. पेट्रोलने हात धुण्याची सवय तर अगदीच वाईट.

सीटची उंची बहुतेकांची चुकते. म्हातारी माणसे भीतीपोटी सीट फार खाली ठेवतात, आणि मग गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखते व दोष सायकलीला जातो. टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. एवढ्या उंचीवर पाय टेकत नाही असे वाटले तर बोटभर खाली घ्या, अधिक नको. गुडघ्यावर शरीराचा भार न येता तो हलता राहतो, हा या व्यायामाचा गुण. मात्र गुडघा सुजलेला किंवा गरम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

सायकल गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका. दोन्हींच्या वाफेने लोखंड लवकर गंजते. लोखंडी रिमवर पावसात ब्रेक कमी लागतो, म्हणून पावसाळ्यात उतारावर ब्रेक आधीपासूनच दाबत यावे. आणि मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक आजच लावून घ्या. उसाच्या हंगामात अंधार पडल्यावरही ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि ट्रॅक्टरवाल्याला तुमचे पांढरे धोतर दिसेलच असे नाही.