रसद तोडण्याची गोष्ट

अर्बुदाची गाठ एकदोन मिलिमीटरांपलीकडे वाढावयाची असेल तर तिला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या उभारून घ्याव्या लागतात, आणि त्या उभारू दिल्या नाहीत तर ती आहे तेवढीच खुरटून राहील, हे बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांचे प्रतिपादन १९७१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या समव्यावसायिकांपैकी पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. पुढे वारे फिरले. १९९८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उंदरांवरील त्यांच्या प्रयोगांना पहिल्या पानावर जागा दिली, आणि कर्करोगाची रसद तोडण्याची ही कल्पना लोकमानसात अशी ठसली, की जणू रोगाचा निकाल लागलाच.

मूत्राशयाच्या कर्करोगापुरते बोलावयाचे, तर पुरावा काही कमी नव्हता. या रोग्यांच्या लघवीच्या संपर्काने केशवाहिन्यांच्या पेशी जागच्या हलून सरकू लागतात, हे १९८१ सालीच दिसून आले होते. म्हणजे गाठ जो सांगावा धाडते, तो लघवीतही उतरलेला असतो. आज दुर्बिणीने मूत्राशय तपासताना पांढऱ्या उजेडाऐवजी निवडक निळा-हिरवा उजेड टाकला, की रक्तातील हीमोग्लोबिन तो शोषून घेते आणि अस्तरावर वाहिन्यांचे काळपट जाळे उमटते. ते जेथे दाट व वेडेवाकडे असेल, तेथे डॉक्टरांची नजर थबकते.

गाठीच्या अंतर्भागात प्राणवायूची टंचाई झाली, की एरवी तयार होताच नष्ट केले जाणारे एचआयएफ हे प्रथिन टिकून राहते आणि केंद्रकात शिरून व्हीईजीएफ या द्रव्याच्या निर्मितीचे फर्मान सोडते. ते द्रव्य शेजारच्या वाहिनीला भिडले, की तिला अंकुर फुटतात. तेव्हा व्हीईजीएफलाच वाटेत अडवणारे बेव्हासिझुमॅब नेहमीच्या रसायनोपचाराच्या जोडीला दिले तर मूत्राशयाचा पसरलेला रोग हटेल, ही अपेक्षा गैरवाजवी नव्हती. अमेरिकेत ५०६ रोग्यांवर तिची रीतसर परीक्षा झाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मध्यक आयुर्मान औषध घेणाऱ्यांचे १४.५ महिने, न घेणाऱ्यांचे १४.३. ही वार्ता कोणत्या दैनिकाच्या पहिल्या पानावर आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मूत्रपिंडाच्या सर्वसामान्य कर्करोगात मात्र याच जातीची औषधे उपयोगी पडली, आणि मला तरी सारे मर्म या विरोधात दिसते. तेथे एचआयएफला आवरणारे व्हीएचएल हे जनुकच बहुधा बिघडलेले असते, त्यामुळे फर्मान अहोरात्र सुटत राहते व गाठ त्याच एका रसदेवर विसंबते. मूत्राशयातील गाठीचे व्यवहार इतके एकमार्गी नसावेत. तिच्या पुष्कळ उदाहरणांत एफजीएफआर-३ या ग्राहीत उत्परिवर्तन आढळते आणि वाढीची आज्ञा पेशी स्वतःच स्वतःला देत सुटते. अशांना वाहिन्यांच्या बंदोबस्तापेक्षा ती आज्ञाच बंद पाडणे अधिक मानवते. आधीचे उपचार थकलेल्या अशा निवडक रोग्यांत एर्डाफिटिनिबने मध्यक आयुर्मान रसायनोपचाराच्या ७.८ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर नेले. हा आकडा वर्तमानपत्रांनी अवश्य छापावा. मात्र त्याच्याच शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, या औषधाने रक्तातील फॉस्फेट चढते, नखे खराब होतात आणि दृष्टिपटलाला इजा होऊ नये म्हणून डोळे वारंवार तपासून घ्यावे लागतात, हेही छापावे.