हुकणाऱ्या हाताची बाजू

चैत्रातली दुपार. रामनवमीची यात्रा संपून दोन दिवस झालेले. पोहरादेवीच्या रस्त्याकडेच्या खेळण्यांच्या पाली निम्म्या उठलेल्या होत्या, उरलेल्यांतले दुकानदार गाठोडी बांधत होते. मानोऱ्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही एका टपरीच्या सावलीत उभे होतो. समोर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा यो-यो फिरवीत होता. यो-यो खाली सोडायचा, तळाशी तो फिरत राहील असा दोरीवर तोलायचा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे दोरीत घालून पाळणा करायचा, असा त्याचा बेत दिसत होता. पाळणा जमत नव्हता. दोरी सैल पडे, यो-यो आडवा होऊन लोंबकळे. मुलगा तो उचलून पुन्हा गुंडाळी. आम्ही मोजले नाही, पण अर्ध्या तासात हे तीस-चाळीस वेळा तरी झाले असावे.

शेवटी सावलीतल्याच एका सद्गृहस्थांना ते असह्य झाले. "काय बे, काही कामधंदा नाही का तुले? घंट्याभरापासून पाहून राहिलो, एकडाव तरी जमलं का?" मुलाने मान वर न करता उत्तर दिले, "हुकते म्हनून तं करून राहिलो ना, काका."

सद्गृहस्थ हसले नाहीत. आजकालच्या पोरांविषयी त्यांनी जे भाषण केले, ते वाचकांना पाठ असेल, म्हणून देत नाही. आमचा वाद त्या एका गृहस्थांशी नाही. त्यांच्या मुखातून जो समाज बोलत होता त्याच्याशी आहे, आणि त्या समाजात आम्ही लिहिणारे-वाचणारेही आलो.

कौशल्याविषयी आपला समाज फार आदराने बोलतो, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. पण हा आदर तयार मालाविषयी असतो. रंगमंचावर, तिकीट काढून, पडदा उघडल्यावर जे दिसते ते कौशल्य. त्याआधी हजार वेळा जे हुकले ते टवाळपणा. सराव करायचाच तर तो घरात, तालमीत, वर्गात, दार लावून करावा. चारचौघांत हुकू नये. हुकायचे असेल तर चारचौघांतून उठून जावे. आम्हांला हा दंडक अन्याय्य वाटतो, कारण दार लावायला आधी दार असावे लागते.

यो-योची दोरी साधारणपणे फिरवणाऱ्याच्या बेंबीपर्यंत येईल इतकी लांब ठेवतात. ती मधल्या बोटाला सरकफासाने अडकवलेली असते. यो-यो खांद्याभोवती पूर्ण वर्तुळात फिरवायचा म्हणजे डोक्यावर, पुढे आणि मागे हात अधिक दोरी एवढी मोकळी जागा हवी. पत्र्याच्या एका खोलीत, जिथे पाच माणसे, दोन पेट्या आणि एक चूल असते, तिथे हे वर्तुळ मावत नाही. मावते ते रस्त्यावर, मंदिरापुढच्या पटांगणात, बसथांब्यावर. "घरी जाऊन कर" हा उपदेश ऐकायला निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ "करू नको" एवढाच होतो.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. हे साहेबांचे खेळणे, आमच्या मातीतले नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बुंदी किंवा कोटा येथील, सुमारे १७७० सालचे म्हणून ओळखले जाणारे एक लघुचित्र आहे. त्यात एक स्त्री यो-यो खेळत उभी आहे. त्याच्याही दोन हजार वर्षे आधी ग्रीक कुंभारांनी मातीच्या पात्रावर चकती सोडणारा मुलगा रंगवला होता. ज्याला आज जग यो-यो म्हणते तो अमेरिकेत रुजवला पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो स्थलांतरिताने. १९२८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे त्याने कारखाना काढला. त्याच्या यो-योत दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नव्हती, आसाभोवती नुसता वेढा घातलेला होता. म्हणून तळाशी गेलेला यो-यो वेढ्यात मोकळा फिरत राहतो, आणि हलका हिसडा दिला की दोरी आसाला धरते व तो वर चढतो. सारे खेळ या एका सैल वेढ्यावर उभे आहेत. पुढे तो धंदा डंकन नावाच्या उद्योजकाने विकत घेतला, गावोगावी दुकानांच्या कोपऱ्यांवर खेळ करून दाखवणारे तरुण पाठवले आणि नावावर हक्क सांगितला; १९६५ साली अमेरिकन न्यायालयाने "यो-यो" हा सर्वांचा शब्द ठरवून तो हक्क काढून घेतला. तेव्हा हे खेळणे नेमके कोणाच्या मातीतले? जत्रेत रबरी दोरीला बांधलेला पाण्याचा फुगा मिळतो, तो याचाच गरीब भाऊ. त्याला कोणी परका म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: हे रिकामपण आहे आणि रिकामपणातून अरिष्ट येते. याचे एक उदाहरण इतिहासात नमूद आहे. १९३३ च्या जानेवारीत सीरियातून एक बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली होती. पाऊस लांबला होता. आणि धर्मधुरीणांनी त्याचे खापर रस्तोरस्ती चाललेल्या यो-योवर फोडले. आम्ही पाऊस खाली यावा म्हणून प्रार्थना करतो आणि ही चकती खाली येता येता पुन्हा वर जाते, असा तो युक्तिवाद. बातमीप्रमाणे यो-योवर बंदी आली आणि पोलीस रस्त्यावर फिरून ते जप्त करू लागले.

वाचक हसतील. पण हसण्यापूर्वी आपल्या वाशीम जिल्ह्याकडे पाहावे. इथली शेती बहुतांशी पावसावर. सोयाबीन आणि तूर आभाळाकडे बघून पेरायची. इथे दुष्काळाचा दोष यो-योला कोणी देणार नाही, तेवढे आपण शिकलो. मात्र मुलाला पुढे काम मिळणार नाही, याचा दोष आपण त्याच्या हातातल्या दोरीला खुशाल देतो. शाळेत शिक्षक किती, गावापासून महाविद्यालय किती दूर, कारखाना कोणत्या जिल्ह्यात गेला, ऊसतोडीला कोणाचे आईबाप सहा महिने बाहेर असतात, हे प्रश्न आभाळाएवढे मोठे म्हणून बाजूला ठेवायचे आणि समोर हाताशी आलेली चकती जप्त करायची. सीरियातल्या त्या युक्तिवादात आणि सावलीतल्या सद्गृहस्थांच्या भाषणात आम्हांला तर्काच्या दृष्टीने काही फरक सापडला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ, कारण या प्रकरणात दोरी एकच नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे आयुष्य दिले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यातला दोरीचा मल्लखांब ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की टांगत्या दोरावर शरीर असे तोलणे ही केवढी विद्या आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. उत्तम झाले. पण दोरीवर शरीर तोलणारे याच महाराष्ट्रात दुसरेही आहेत: डोंबारी, कोल्हाटी. त्यांची दोरी रस्त्यावर दोन कैच्यांमध्ये ताणलेली असते. शरीर तेच, तोल तोच, गुरुत्वाकर्षण तर निःसंशय तेच. आखाड्यातल्या दोरीला आपण व्यायाम म्हटले आणि रस्त्यावरच्या दोरीला भीक.

हे आम्ही अलंकारिक बोलत नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने भिकेची जी व्याख्या केली तिच्यात सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे अशा मिषाने दान मागणे किंवा घेणे यांचाही समावेश आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची आणि पुन्हा सापडल्यास ती मुदत दहा वर्षांपर्यंत नेण्याची त्यात तरतूद. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तो निर्णय दिल्लीपुरता. ज्या राज्याने हा कायदा देशाला दिला, त्या राज्याने त्या निर्णयानंतर आपल्या मनाची झडती घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

त्याच्या मागे आणखी एक कायदा उभा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्माने गुन्हेगार ठरवले. भटकणे हाच संशय, एका जागी नसणे हाच पुरावा. १९५२ साली ते शिक्के पुसले गेले आणि त्या जमातींना "विमुक्त" हे नाव मिळाले. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हा देश पायी तुडवणाऱ्या या समाजाला रस्ता हेच घर होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या मुलाला "इथे काय करतोस" असे विचारणे दादरला कुतूहल असू शकेल. पोहरादेवीला त्या प्रश्नाला ऐंशी वर्षांच्या हजेऱ्यांचा वास येतो. सद्गृहस्थांना तो आला नसेल. कदाचित ते स्वतःही त्याच समाजाचे असतील. एखादा प्रश्न पुरेसा काळ विचारला गेला की ज्याला विचारला जातो तोही तो पुढच्याला विचारू लागतो.

सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे पोहरादेवी ही बंजाऱ्यांची काशी झाली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे नंगाऱ्याच्या आकाराच्या भव्य संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्या दिवशी पंतप्रधानांनी मंदिरात नंगारा वाजवला. त्याची चित्रे देशभर दाखवली गेली. संग्रहालयाला आमचा विरोध नाही. ज्यांचा इतिहास पोलिसांच्या दप्तरात लिहिला गेला त्यांना तो काचेआड सन्मानाने ठेवलेला पाहण्याचा हक्क आहे. आमचा प्रश्न साधा आहे. नंगारा वाजवणारा हात कुठे शिकला? काचेआड नव्हे. तांड्यात, उघड्यावर, सर्वांच्या कानांवर चुकीचे ठोके आदळत शिकला. होळीच्या लेंगीला नवखा आवाज मोठ्यांच्या रिंगणातच फाटतो आणि तिथेच सुधारतो. आरशांचे भरतकाम शिकणारी मुलगी दारापुढे बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या बाईकडून टाका उसवून घेत शिकली. या संस्कृतीची प्रत्येक विद्या चारचौघांत हुकूनच पुढच्या पिढीच्या हाती आली. तिचे स्मारक उभारायचे आणि तिच्या दारात हुकणाऱ्या मुलाला हाकलायचे, ही विसंगती बांधकामखात्याला दिसणार नाही. लेखकांना तरी दिसायला हवी.

आमच्यावर उलटणारे दोन मुद्दे आहेत. ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला: फिरती चकती कोणाच्या डोळ्याला लागू शकते. अगदी खरे. दर्शनाच्या रांगेत, गाडीच्या दारात, लहान मुलांच्या घोळक्यात यो-यो फिरवू नये, आणि फिरवणाऱ्याला तसे जरूर सांगावे. पण "दोन हात लांब जा" हे सांगणे वेगळे आणि "काम नाही का" हे विचारणे वेगळे. पहिल्यात शेजाऱ्याची काळजी आहे, दुसऱ्यात माणसाची किंमत. आणि ज्या रस्त्यावर छातीचे पिंजरे हादरवणाऱ्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांची मिरवणूक आपण निमूट जाऊ देतो, तिथे एका निःशब्द दोरीचा उपद्रव किती, याचाही हिशेब व्हावा.

दुसरा अधिक गंभीर: रस्त्यावरच्या खेळाचा गौरव करता करता आम्ही पोटासाठी दोरीवर चढवलेल्या पोरीचाही गौरव करतो आहोत काय? नाही. सहा वर्षांच्या मुलीने भुकेपोटी कैचीवर चढावे यात काव्य नाही, आणि त्यात काव्य शोधणाऱ्यांना "कोल्हाट्याचं पोर" वाचायला द्यावे. पण ती पोर दोरीवर आहे कारण तिला दुसरे काही करण्याची मोकळीक नाही. टपरीसमोरचा मुलगा दोरी धरून होता ती स्वतःच्या मर्जीने. ताट पुढे नव्हते, टाळी मागितलेली नव्हती. एकीला सक्ती आणि दुसऱ्याला मज्जाव, ही एकाच नाकारण्याची दोन तोंडे आहेत. गरिबाच्या मुलाचा वेळ त्याचा स्वतःचा असू शकतो, हे आपल्याला मुळी पटतच नाही.

लिहिणाऱ्यांनी तरी या प्रकरणात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसू नये. आमचा सरावही हुकण्याचाच; फक्त खोडलेल्या ओळी कोणी पाहत नाही आणि फाडलेला कागद टोपलीत जातो. आमच्याकडे दार आहे. त्या मुलाजवळ नव्हते, आणि नसल्याची लाजही नव्हती.

आमची मागणी फार नाही. संग्रहालये होत राहोत. यात्रेच्या गावी, तालुक्याच्या गावी, जिथे म्हणून पटांगण आहे तिथे एक तुकडा बिनकामाचा ठेवावा: ज्यावर गाळे नाहीत, पुतळा नाही, वाहनतळ नाही आणि काय करतोस म्हणून विचारणारा कोणी नाही. भिकेच्या व्याख्येतून खेळ करून दाखवणाऱ्याला बाहेर काढावे. आणि सावलीत उभ्या राहिलेल्यांनी, आम्हांसकट, तोंड मिटून पाहावे.

गाडी आली तेव्हा पाळणा जमलेला नव्हता. खिडकीतून आम्ही वळून पाहिले. मुलगा दोरीचा पीळ काढीत होता. यो-यो खाली सोडून, त्याला उलटा गरगरू देत, शांतपणे वाट पाहत.