लिनक्स कोणतें घ्यावें ?

काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून संगणकाकडून काम करून घेण्याची विद्या शिकावयाची, तर लिनक्सचें कोणतें वितरण घ्यावें, हा प्रश्न इंजिनियरिंगच्या वाटेस लागलेल्या मुलांच्या घरीं हल्लीं निघतो. आमच्या ब्रह्मपुरींतही निघतो. आमचें मत आरंभींच सांगतों, कीं या निवडींत महिना दवडूं नये.

लिनक्सचा गाभा 1991 सालीं लायनस टॉरवाल्ड्स यांनीं जगापुढें ठेवला. त्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं बांधलेले संच तीं हीं वितरणें. डेबियन घ्या वा फेडोरा, ‘एलएस’ लिहितांच फायलींची यादी येते आणि ‘ग्रेप’ हवा तो शब्द हुडकून देतो. रूपावली कोणत्याही छापखान्याची असो, राम शब्द तसाच चालतो. भेद पडतो तो मुख्यतः नवा प्रोग्रॅम बसविण्याच्या आज्ञेंत. डेबियन व त्यापासून 2004 मध्यें निघालेलें उबुंटू यांत ‘ॲप्ट’, फेडोरांत ‘डीएनएफ’. सी-डॅकचें ‘बॉस’ हेंही डेबियनच्याच कुळांतलें. आर्च मात्र नवशिक्यानें तूर्त दूर ठेवावें. संधि येण्यापूर्वीं महाभाष्य उघडण्याची घाई कशाला?

आमची शिफारस उबुंटूची. दीर्घ मुदतीची आवृत्ति घ्यावी, तीस पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. यंत्र फार जुनें, 32 बिटांचें असल्यास आधीं चौकशी करावी. डेबियननेंही 2025 च्या 13 व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्यानें बसविण्याची सोय काढून टाकली आहे.

खरी काळजी निराळीच आहे. एकत्र कुटुंबांत संगणक बहुधा एकच. त्यांत शेतीचे कागद, लग्नांचीं छायाचित्रें, काकांचे हिशेब. उत्साही पुतण्यानें ‘संपूर्ण डिस्क पुसा’ यास होकार दिला, कीं सारें गेलें ! म्हणून आधीं सर्वांची नक्कल दुसरीकडे काढावी, मग उबुंटू पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावें. ‘बसवा’ म्हटल्यावांचून तें घरच्या डिस्कवर बसत नाहीं. तेथेंही ‘आरएम’ ही आज्ञा जपून वापरावी. तिनें काढलेली फाईल कचरापेटींत जात नाहीं.

पावसाळ्यांत नेटवर्क गेलें तरी अभ्यास अडत नाहीं, ही या विद्येची मोठी सोय. ‘मॅन’ लिहून पुढें आज्ञेचें नांव दिलें, कीं तिची टीका यंत्रांतूनच उघडते. इंग्रजी रूक्ष आहे खरें. पण मुलानें रोज एक पान वाचावें आणि त्यांतील एक तरी प्रयोग त्याच दिवशीं करून पाहावा.